केप हॅटरस: दीपगृह हलवायला २३ दिवस, ठरवायला १९ वर्षं (प्रकरण अभ्यास)

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या समोर समुद्रात वाळूच्या बेटांची एक लांबलचक बारीक माळ आहे, तिला आउटर बँक्स म्हणतात. त्यातल्या हॅटरस बेटावर बक्सटन गावाजवळ काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक विटांचं दीपगृह उभं आहे, आणि ते पट्टे आडवे नाहीत, खालपासून वरपर्यंत पीळ घातल्यासारखे फिरत जातात. उंची १९८ फूट, म्हणजे जवळपास वीस मजली बिल्डिंग धरा. विटांचं एवढं उंच दीपगृह अख्ख्या अमेरिकेत दुसरं नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात हे दीपगृह न पाडता, तुकडे न करता, उभंच्या उभं २,९०० फूट सरकवलं.

मी जुनी बांधकामं दुरुस्त करायच्या लाइनमध्ये आहे, त्यामुळे या कामाचे फोटो आमच्या ग्रुपांवर फिरतच असतात, एवढा मोठा टॉवर लोखंडी बीमवर उभा आणि खाली त्याच्या पायथ्याशी इवलीशी माणसं. बघणारा प्रत्येक जण त्या २३ दिवसांबद्दल बोलतो. पण मला विचाराल तर शिकण्यासारखी गोष्ट त्याआधीच्या १९ वर्षांत आहे, १९८० च्या मार्चमधल्या वादळापासून १९९९ च्या जूनपर्यंतच्या, कारण टॉवर हलवता येईल हे जाणकारांना बरंच आधी पटलं होतं, तो हलवायलाच पाहिजे हे सगळ्यांच्या गळी उतरायला वेळ गेला. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

मुळात तिथे दीपगृह का

हॅटरसच्या टोकापासून समुद्रात मैलोन्‌मैल उथळ वाळूचे पट्टे गेलेत, डायमंड शोल्स. ते एका जागी राहत नाहीत, वादळागणिक आकार बदलतात. बाहेरच्या बाजूने गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह वर येतो आणि उत्तरेकडून थंड पाण्याचा प्रवाह खाली येतो, दोन्ही इथे भेटतात. शिडाच्या काळात दक्षिणेकडे जाणाऱ्या जहाजाला गल्फ स्ट्रीमच्या विरुद्ध जाणं परवडायचं नाही, म्हणून ते किनाऱ्याला चिकटून जायचं, आणि किनाऱ्याला चिकटलं की या वाळूत रुतायचं. या पट्ट्याला अटलांटिकची स्मशानभूमी म्हणतात ते उगीच नाही. यादवी युद्धातली मॉनिटर नावाची प्रसिद्ध लोखंडी युद्धनौका १८६२ च्या शेवटच्या दिवशी हॅटरससमोरच बुडाली.

इथलं पहिलं दीपगृह १८०३ चं, दगडी, ९० फुटी. दिवा कमजोर, उंची कमी. १८५१ मध्ये डेव्हिड पोर्टर नावाच्या नौदल लेफ्टनंटने लेखी तक्रार केली की आपल्या किनाऱ्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा दिवा हाच आणि जगातला सगळ्यात वाईट दिवाही हाच. मग टॉवर वाढवून १५० फूट केला, पण जुन्यावर किती चढवणार, शेवटी १८६८ मध्ये नवीन बांधायला घेतला आणि १६ डिसेंबर १८७० ला त्याचा दिवा लागला. साडेबारा लाखांच्या आसपास विटा, खर्च १,६७,००० डॉलर. पीळदार पट्टे १८७३ मध्ये रंगवले, म्हणजे दिवसाही जहाजावरून ओळखू यावं की हे हॅटरस. जुना टॉवर १८७१ मध्ये सुरुंग लावून पाडला, त्याचा खालचा भाग मात्र तिथेच राहिला. तो भाग लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

पाया

आता पायाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

कामावरचा मुख्य माणूस डेक्स्टर स्टेटसन. आधीचा विचार असा होता की खाली लाकडी पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, ठोकायच्या आणि त्यावर टॉवर घ्यायचा. पण खालची वाळू इतकी घट्ट होती की पाइल आत जाईनात. खड्डा खणला तर थोड्याच खोलीवर पाणी, तेही गोडं, कारण बेटाच्या वाळूत पावसाचं पाणी साठून राहतं. मग स्टेटसनने पाइलचा नाद सोडला आणि त्या पाण्यातच पिवळ्या पाइनच्या ६ इंच बाय १२ इंच लाकडांचे दोन थर एकमेकांवर आडवे-उभे टाकले, म्हणजे लाकडाची जाड चटईच केली, आणि त्यावर ग्रॅनाइटचं दगडी काम घेऊन वर वीटकाम चढवलं. आजच्या भाषेत हा राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखाली एकच सलग पाया, झाला, फक्त काँक्रीटऐवजी लाकडाचा.

लाकूड जमिनीत सडणार नाही का, तर पूर्ण पाण्याखाली असेल तर नाही सडत. हवा मिळत नाही, कीड-बुरशीला जगता येत नाही. जोपर्यंत ते गोडं पाणी त्या पातळीला आहे तोपर्यंत पाया शाबूत. उलट भूजलाची पातळी हलली किंवा समुद्र आत घुसला की लाकूड उघडं पडणार, आणि मग ते किती दिवस टिकेल याची खात्री कोण देणार.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. हा पाया फार खोल नाही. ४,८०० टनांहून जास्त वजन घट्ट वाळूवर नुसतं ठेवलेलं आहे, आणि वाळू चारी बाजूंनी बंदिस्त आहे म्हणून ते वजन पेलते. एका बाजूची वाळू लाटांनी ओढून नेली तर खालची वाळू त्या बाजूला सरकणार, टॉवर ओळंबा सोडणार. लाट येऊन भिंतीवर आपटेल आणि टॉवर पडेल असं चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर असतं, खरा धोका तसा नव्हताच. धोका पायाखालून होता, आणि त्याला एक मोठं वादळ पुरलं असतं.

बेटच सरकतंय

१८७० ला समुद्र दीपगृहापासून १,५०० फूट लांब होता. १९३५ पर्यंत लाटा साधारण १०० फुटांवर आल्या. या आकड्यांकडे बघून वाटतं समुद्र बेट खातोय, पण आउटर बँक्ससारख्या बेटांचं गणित थोडं वेगळं आहे. वादळात समुद्राकडची वाळू उचलली जाते आणि लाटांबरोबर बेटावरून पलीकडे, खाडीच्या अंगाला जाऊन पडते. पुढून कमी होतं, मागे भर पडते. समुद्राची पातळी वाढत असताना ही बेटं अशीच हजारो वर्षं पश्चिमेकडे, मुख्य भूमीच्या दिशेने सरकत आली आहेत, मधल्या पॅम्लिको साउंड या खाडीच्या बाजूला. बेट टिकतं ते हलतं म्हणूनच. त्यावर एक जागा धरून बसलेली इमारत मात्र समुद्राच्या बाजूला उघडी पडत जाते.

१९३६ मध्ये सरकारने हात टेकले, दिवा आतल्या बाजूला एका लोखंडी सांगाड्याच्या टॉवरवर नेला आणि विटांचा टॉवर नॅशनल पार्क सर्व्हिसकडे गेला. रिकाम्या टॉवरमधल्या मूळ फ्रेनेल लेन्सची (दिव्याचा प्रकाश लांबवर फेकणारी मोठी भिंगं) त्या काळात लोकांनी नासधूस केली. पण त्याच दशकात सरकारी रोजगार योजनेतून किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या उभारल्या गेल्या, गवत लावलं, आणि किनारा खरंच परत रुंद झाला. २३ जानेवारी १९५० ला दिवा पुन्हा विटांच्या टॉवरमध्ये लागला.

माझ्या मते पुढच्या सगळ्या घोळाचं बी इथे पेरलं गेलं. एकदा समुद्र मागे हटलेला लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यामुळे नंतर जेव्हा जेव्हा हलवायचा विषय निघाला तेव्हा तिथल्या जुन्या माणसांकडे सरळ उत्तर होतं, मागे पण असंच म्हणत होता, आला ना किनारा परत. आणि त्यांचं काही खोटं नव्हतं, त्यांच्या हयातीत तसं घडलं होतं.

थोपवायचे प्रयत्न

१९६० च्या दशकात किनारा परत झिजायला लागला. दीपगृहाच्या थोडं उत्तरेला अमेरिकन नौदलाचं ठाणं होतं, ते वाचवायला १९६९-७० च्या सुमारास तीन ग्रॉइन बांधले. ग्रॉइन म्हणजे किनाऱ्यापासून काटकोनात समुद्रात घुसवलेली भिंत. किनाऱ्याला समांतर वाहणारी वाळू तिला अडते आणि एका बाजूला साठते, पण जी वाळू अडली ती पुढच्या किनाऱ्याला मिळत नाही, म्हणून भिंतीच्या पलीकडच्या अंगाला किनारा जास्तच कापला जातो. इथे वाळू मुख्यतः उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, आणि दीपगृह शेवटच्या, म्हणजे सगळ्यात दक्षिणेकडच्या ग्रॉइनजवळ. म्हणजे त्याच्या वरच्या अंगाला ग्रॉइनचा फायदा होत होता आणि खालच्या अंगाने समुद्र वळसा घालून आत येऊ पाहत होता. १९७० मध्ये अंतर राहिलं होतं १२० फूट.

वाळू आणून टाकणंही चालू होतं, १९६६, १९७१, १९७३. त्यातल्या १९७३ च्या खेपेला १३ लाख घनयार्ड टाकली, म्हणजे जवळपास १० लाख घनमीटर. दहा घनमीटरचा डंपर धरला तर एक लाख फेऱ्या भरतील एवढी वाळू. ती पण गेली.

मग मार्च १९८० चं वादळ आलं. १८०३ च्या पहिल्या दीपगृहाचा उरलेला पाया, जो १८७१ च्या सुरुंगानंतर शंभरावर वर्षं तिथे पडून होता, तो त्या वादळात समुद्रात गेला. नव्या दीपगृहाच्या अगदी शेजारची गोष्ट. माझ्या दृष्टीने ही केस त्या दिवशी सुरू झाली, कारण शेजारचा दगडी पाया काल होता आणि आज नाही हे बघितल्यावर कोणालाच ‘बघू पुढे’ म्हणता येणार नव्हतं.

पुढची काही वर्षं जे मिळेल ते करून बघितलं गेलं. वाळूच्या मोठ्या नायलॉन गोण्या रचल्या. समुद्राच्या तळाशी प्लॅस्टिकचं कृत्रिम शेवाळ बसवलं, म्हणजे लाटांचा जोर कमी होऊन वाळू बसेल. दीपगृह वाचवा म्हणून राज्यातल्या मोठमोठ्या लोकांची कमिटी झाली, शाळेतल्या पोरांनीसुद्धा पैसे जमवले. ही मंडळी मनापासून लागली होती, आणि त्यांच्यामुळे विषय जिवंत राहिला हे मान्यच करायला पाहिजे, नाहीतर ८० च्या दशकातच एखाद्या वादळाने निकाल लावला असता आणि आपण फक्त फोटो बघत बसलो असतो.

आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे अमेरिकन सैन्याच्या इंजिनिअरिंग विभागाने, पक्का उपाय सुचवला, टॉवरभोवती काँक्रीट आणि दगडाचा धूपप्रतिबंधक बंधारा, चारी बाजूंनी वेढणारा. कागदावर हे सरळ वाटतं. पण बेट तर सरकतच राहणार. काही दशकांनी किनारा मागे गेला असता आणि दीपगृह त्या बंधाऱ्यासकट समुद्रात एकटं उभं राहिलं असतं. हे नुसतं अंदाजाने सांगत नाही, दक्षिणेला चार्ल्सटनजवळ मॉरिस आयलंडचं १८७६ चं दीपगृह आहे, ते बांधलं तेव्हा जमिनीवर होतं आणि आज चहूबाजूंनी पाण्यात उभं आहे, आजूबाजूचं बेट झिजून गेलं.

शिवाय १९८५ पासून नॉर्थ कॅरोलायनाच्या किनारी नियमांनी समुद्रकिनाऱ्यावर अशी पक्की बांधकामं करायला बंदी घातली होती, कारण बंधारा मागची इमारत वाचवतो आणि पुढचा किनारा घालवतो. ड्यूक विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ ऑरिन पिल्की हे वर्षानुवर्षं हेच सांगत होते. आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर डेव्हिड फिशेट्टी यांनी तर हलवाच म्हणून मोहीमच उघडली, तेव्हा बहुतेकांना ती कल्पना वेडेपणाची वाटायची.

कागदावर ठरलं, तरी दहा वर्षं

१९८८ मध्ये नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीने सगळे पर्याय तपासून रिपोर्ट दिला की हलवणं हाच उत्तम मार्ग. १९८९ मध्ये पार्क सर्व्हिसने ते स्वीकारलं. निर्णय झाला म्हणायचा, पण पैसे नाहीत आणि विरोध जोरात. मधल्या काळात चौथा ग्रॉइन बांधायचा विषयही निघाला. १९९६-९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या तज्ज्ञांनी जुना रिपोर्ट परत तपासला आणि सांगितलं की निष्कर्ष बरोबर आहे, आणि आता घाई करा, १९९९ च्या वसंतापर्यंत हलवा. त्यानंतर अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आधी २० लाख आणि नंतर ९८ लाख डॉलर दिले, एकूण १ कोटी १८ लाख.

विरोध करणाऱ्यांबद्दल आता सविस्तर लिहितो, कारण या प्रोजेक्टवर जे लेख येतात त्यात त्यांना दोन ओळीत गुंडाळतात आणि मला ते पटत नाही. हॅटरस ज्या जिल्ह्यात येतं त्या डेअर काउंटीचे निवडून आलेले कमिशनर विरोधात होते, गावातले बरेच लोक विरोधात होते. त्यांच्या भीती दोन होत्या.

पहिली भीती, टॉवर मोडेल. सव्वाशे वर्षांचं वीटकाम, आत सळई नाही. वीटकाम दाब कितीही घेतं पण ताण आला की सांधे उघडतात, हे कोणत्याही गवंड्याला माहीत आहे. उचलताना पाया एका कोपऱ्यात पाव इंच जरी जास्त उचलला गेला तर १९८ फुटांवर तो फरक किती होईल विचार करा. भीती शंभर टक्के रास्त होती, पण तिला उत्तर होतं. बफेलोची इंटरनॅशनल चिमनी कॉर्पोरेशन ही कंपनी, नावातच आहे की उंच चिमण्यांचं काम करणारी, तिने १९९३ मध्ये ऱ्होड आयलंडच्या ब्लॉक आयलंडवरचं दीपगृह आणि १९९६ मध्ये केप कॉडचं हायलँड दीपगृह कड्याच्या काठावरून आत सरकवून दाखवलं होतं. ती दोन्ही हॅटरसपेक्षा खूप लहान, पण पद्धत तीच.

दुसरी भीती अशी की दीपगृह हलवलं की आमच्या किनाऱ्याकडे कोण बघणार. जोपर्यंत दीपगृह समुद्राच्या तोंडावर आहे तोपर्यंत सरकार ग्रॉइन दुरुस्त करेल, वाळू टाकेल, आणि त्या आडोशाने आजूबाजूची घरं, मोटेलं, हायवे पण टिकतील. दीपगृह एकदा सुरक्षित जागी गेलं की उरलेला किनारा ही ज्याची त्याची अडचण. या भीतीला इंजिनिअरकडे उत्तर नव्हतं, कारण हा बीमचा आणि जॅकचा प्रश्नच नाही. मला वाटतं सगळी चर्चा पहिल्या भीतीवर झाली कारण तिच्यावर बोलणं सोपं होतं, आकडेमोड दाखवता येत होती. दुसरी भीती लोकांच्या पोटात होती, आणि ती कोणी टेबलावर घेऊन तिच्यावर मोकळेपणाने बोललं असतं तर कदाचित या दहा वर्षांतली काही वाचली असती.

आणखी एक आक्षेप वारसा जपणाऱ्यांकडूनही होता, की ऐतिहासिक वास्तूची जागा हा तिच्या इतिहासाचा भाग असतो, जागा बदलली की उरलं काय. मी स्वतः या मताचा माणूस आहे, एरवी. पण इथे जागा म्हणजे काय हे नीट बघावं लागतं. १८७० मध्ये बांधणाऱ्यांनी दीपगृह समुद्रापासून १,५०० फुटांवर ठेवलं होतं. नवीन जागा निवडली ती किनाऱ्यापासून १,६०० फुटांवर. सोबत कीपरांची, म्हणजे दीपगृह सांभाळणाऱ्यांची, दोन्ही घरं आणि तेलाची खोली पण हलवली, आणि एकमेकांपासूनची अंतरं, दिशा सगळं होतं तसंच ठेवलं. म्हणजे नकाशातला बिंदू बदलला पण समुद्र आणि दीपगृह यांच्यातलं नातं जसं होतं तसं परत आणलं. आणि समुद्रात वीस मैलांवरच्या जहाजाला अर्ध्या मैलाचा फरक नकाशा दुरुस्त केला की संपला.

२३ दिवस

टॉवरच्या भोवती खणून आधी पाया उघडा केला. मग ग्रॅनाइटचं दगडी काम थोडं थोडं करून कापून काढायचं आणि काढलेल्या जागी लगेच टेकू द्यायचे, असं करत करत पूर्ण वजन टेकूंवर घेतलं. खालची लाकडाची चटई तशीच ठेवली, टेकू तिच्यावरच उभे होते. म्हणजे स्टेटसनचा लाकडी राफ्ट शेवटच्या दिवसापर्यंत वजन घेत होता, हे मला फार भारी वाटतं. मग टॉवरच्या खालून मोठे लोखंडी बीम घातले, त्यात १०० जॅक बसवले, आणि जूनच्या मध्यापर्यंत अख्खा टॉवर साधारण सहा फूट उचलला.

ते १०० जॅक तीन गटांत जोडलेले होते. एका गटातल्या सगळ्या जॅकमध्ये तेलाचा दाब सारखा, त्यामुळे एखाद्या जॅकखाली जमीन थोडी दबली तर भार आपोआप बाकीच्यांवर वाटला जातो, एका कोपऱ्यावर येत नाही. आणि गट तीनच का, तर तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, चार पायांचं डुगडुगतं. एवढ्या मोठ्या टॉवरला त्यांनी खालून तीन पाय दिले. मी पहिल्यांदा हे समजून घेतलं तेव्हा कितीतरी वेळ त्या ड्रॉइंगकडेच बघत होतो.

पुढचा रस्ता झाडं काढून, खडी टाकून, दाबून पक्का केलेला. त्यावर लोखंडी मॅट, त्यावर ट्रॅकचे बीम, त्यावर रोलर. १७ जूनला पहिल्यांदा टॉवर हलला. पाच पुश जॅक मागच्या बाजूने ट्रॅकला क्लॅम्प केलेले. पंप चालू केला की दांडे हळूहळू बाहेर येतात आणि टॉवर पाच फूट पुढे जातो. थांबायचं. दांडे आत घ्यायचे, क्लॅम्प सोडायचे, जॅक पाच फूट पुढे नेऊन परत घट्ट पकडायचे. मागे मोकळे झालेले ट्रॅक आणि मॅट उचलून पुढे आणून टाकायचे. परत पंप. हिशोब केला तर २,९०० फुटांना असं साधारण ५८० वेळा. टॉवरवर जवळपास ६० सेन्सर लावलेले, कलतोय का, थरथरतोय का, कुठल्या बाजूला किती भार आहे, घेर कुठे बदलतोय का, आणि वर वारा मोजायचं यंत्र. बाहेरून बघणाऱ्याला काहीच होताना दिसायचं नाही, इतका हळू. तरी रोज हजारो लोक उन्हात उभे राहून बघायचे.

९ जुलैला टॉवर नव्या पायावर पोचला. हा पाया ६० बाय ६० फुटांचा, ४ फूट जाड आरसीसी राफ्ट, त्यावर दगड-विटांचं काम करून टॉवर त्यावर घेतला. वीटकाम शाबूत. १३ नोव्हेंबर १९९९ ला दिवा परत लागला.

मधे काय झालं तेही सांगायला हवं. ऑगस्टच्या अखेरीस डेनिस वादळ आलं आणि आउटर बँक्ससमोर कित्येक दिवस रेंगाळलं, बक्सटनच्या उत्तरेला हायवेचा तुकडा उखडला. त्याच्या मागोमाग सप्टेंबरमध्ये फ्लॉइड. टॉवर हलून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

नंतर

दीपगृह वाचलं, त्यात वाद नाही. २००० च्या मे महिन्यात लोकांना वर चढायला खुलं झालं. २००१ मध्ये आतल्या लोखंडी जिन्याचा तुकडा निखळला म्हणून बंद केलं, दुरुस्ती होऊन २००३ मध्ये परत उघडलं. अलीकडे तर १ कोटी ९२ लाख डॉलरचं मोठं दुरुस्तीचं काम निघालं, म्हणजे जेवढ्यात हलवलं त्याच्यापेक्षा जास्त पैसे. जुन्या वास्तूचं असंच असतं, एकदा वाचवली म्हणून जबाबदारी संपत नाही, आणि ज्यांनी हलवायला पैसे दिले त्यांना हे आधीच माहीत असायला हवं.

किनाऱ्याचं मात्र गावकरी म्हणत होते त्यातलं बरंच खरं ठरलं. दीपगृह गेल्यावर जुने ग्रॉइन मोडकळीला आले. वाळू टाकायचं काम आता काउंटीच्या अंगावर आलं, बक्सटनच्या किनाऱ्यावर त्यांनी ते केलंही, आणि तरी झीज चालूच आहे. हॅटरस बेटावरच उत्तरेला रोडॅन्थी गावात २०२० नंतर खांबांवरची घरं एकामागून एक समुद्रात पडली. ज्या घरांना कोणी ऐतिहासिक म्हणत नाही त्यांच्यासाठी कोणती समिती बसणार आणि कोण पैसे देणार, हा जो प्रश्न १९८९ ते ९९ मध्ये विचारला गेला होता तो आजही तसाच आहे, आणि मला तो या केसचा भाग वाटतो, बाजूची गोष्ट नाही. हलवणं बरोबर होतं हे मी ठामपणे म्हणेन. पण ‘बघा, विरोधक चुकीचे ठरले’ असं जे सर्रास लिहिलं जातं ते अर्धंच आहे.

आता दगडांचं सांगतो आणि थांबतो. जुन्या पायातले जे ग्रॅनाइटचे दगड निघाले त्यातल्या ३६ दगडांवर या दीपगृहाच्या ८३ कीपरांची नावं कोरली आणि २००१ मध्ये ते मूळ जागेवर गोलात मांडले, म्हणजे लोकांना कळावं टॉवर इथे होता. या माणसांनी वादळात, थंडीत, रात्रभर तेलाचा दिवा राखला होता. त्यांचे वंशज अजून त्या बेटावर आहेत, ते येऊन आपलं आडनाव शोधायचे. पण लाटा आत यायला लागल्या आणि दगड वाळूत गाडले जायला लागले, खणून काढावे तर पुढच्या वादळात परत वाळूखाली. शेवटी २०१५ मध्ये ते ३६ दगड उचलून दीपगृहाच्या मागोमाग आत, नव्या जागेजवळ आणून ठेवले.